परसबागेची राखण

खेड्यात राहणाऱ्या कुटुंबास परसबाग ही काही शोभेची वस्तू नव्हे. घरामागील एका गुंठ्यात पावसाळ्यात भेंडी, गवार व दोडकी निघतात, थंडीत मेथी, मुळा, वांगी व घेवडा निघतो, आणि बांधावरच्या शेवग्याच्या व पपईच्या झाडाची भर पडते. ज्या घरी रोख पैसा मोजकाच येतो, त्या घरातील मुलांच्या ताटात ताजी भाजी पडणे किंवा न पडणे हे पुष्कळदा ह्या लहानशा तुकड्यावरच अवलंबून असते. म्हणून एका रात्रीत वाफाच्या वाफा कुरतडला गेला, म्हणजे गृहिणीच्या मनास जो चटका बसतो तो क्षुल्लक मानता येत नाही.

परंतु अशा वेळी रागाच्या भरात मनुष्य जे करतो, त्यापासून होणारे नुकसान वाफ्याच्या नुकसानीपेक्षा पुष्कळदा मोठे असते. कोणी पिठाच्या गोळ्यात विष कालवून बांधावर ठेवतो. कोणी तारेचा फासा लावतो. कोणी तर घरातील विजेची तार सरळ कुंपणास जोडतो. कोणी शेजाऱ्याच्या दारी जाऊन त्याच्या शेळीवरून भांडण उकरून काढतो, आणि वाफा खाल्लेला असतो सशाने. ह्या सर्वांच्या मुळाशी एकच चूक आहे. ती ही की, चोर कोण हे न पाहताच शिक्षा ठरविली जाते. ह्यास्तव आजच्या पाठाचे सार एका वाक्यात सांगतो: आधी ओळख, मग अडथळा, आणि अडथळा असा की, तो बागेस राखील पण कोणाच्या जिवावर उठणार नाही.

१. चोर कोण, हे कसे ओळखावे?

सकाळी ऊन चढण्यापूर्वी वाफ्यात जावे व खाल्लेल्या रोपाचे टोक नीट न्याहाळावे. प्रत्येक प्राण्याचे दात निराळे असल्यामुळे त्याची सही निराळी उमटते.

सशाला वर व खाली धारदार पुढचे दात असतात. त्यामुळे त्याने तोडलेला देठ चाकूने तिरका कापल्यासारखा स्वच्छ दिसतो. शेळी, गाय व हरीण ह्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती पाला ओठांनी व जिभेने ओढून तोडतात, म्हणून देठाचे टोक फाटलेले व दोरे निघालेले दिसते. एवढा एक भेद लक्षात ठेवला, तरी शेजाऱ्यांमधील किती तरी भांडणे टळतील.

सशाची लेंडी गोल, किंचित चपटी, कोरडी व आत गवताच्या चुऱ्याने भरलेली असते. उंदराची लेंडी बारीक व लांबट, दोन्ही टोकांस निमुळती असते. रोपे जमिनीलगत आडवी कापून तेथेच टाकलेली असतील, तर झाडाच्या बुडाशी बोटभर माती उकरून पाहावी. पुष्कळदा तेथे वेटोळे करून बसलेली अळी सापडते. पानांना वेडीवाकडी भोके व त्यांवर वाळलेल्या लाळेची चमकती रेघ दिसली, तर ती गोगलगाय समजावी. पेरलेले बी उकरून वर फक्त टरफले उरली असतील, तर उंदराचा किंवा खारीचा संशय घ्यावा. कंद उकरलेले, बुंध्याची साल कुरतडलेली आणि आसपास एखादा काळापांढरा काटा पडलेला, ही साळिंदराची खूण होय.

एवढ्यानेही शंका फिटली नाही, तर एक सोपा उपाय आहे. संध्याकाळी वाफ्याच्या कडेने दोन हात रुंद पट्ट्यात चुलीतील राख किंवा चाळलेली बारीक माती पसरावी. रात्री जो कोणी येईल तो आपले पाऊल त्यावर ठेवून जाईल. ससा उड्या मारीत चालतो, तेव्हा त्याचे मागचे दोन मोठे पाय पुढच्या दोन लहान पायांच्याही पुढे पडतात. असा उमटा दुसऱ्या कोणत्याही मोठ्या जनावराचा नसल्यामुळे तो ओळखण्यास कठीण जात नाही.

२. ससा

मराठीत आपण ससा हा एकच शब्द वापरतो. परंतु प्राणी दोन आहेत. पिंजऱ्यात पाळतात तो ससा मूळचा युरोपातला. तो जमिनीत बिळे खणून टोळीने राहतो आणि त्याची पिले जन्मतः आंधळी व उघडी असतात. आपल्या माळावरचा रानससा निराळा. तो बीळ खणीत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या आडोशास जमिनीवर अंगाच्या मापाची उथळ जागा करून त्यात तो दिवसभर दबून राहतो. त्याची पिले डोळे उघडे ठेवून व अंगावर केस घेऊनच जन्मास येतात. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत तो चरतो, आणि हरभरा, भुईमूग, मूग व पालेभाजी ह्यांची कोवळी रोपे त्यास विशेष आवडतात. ह्या स्वभावावरूनच उपाय ठरतो. बागेच्या कडेचे उंच गवत व झुडपे कापून काही हात जागा मोकळी ठेवली, तर दिवसा दबून बसण्यास जवळ आडोसा राहत नाही, आणि उघड्यावरून येण्यास तो कचरतो.

तथापि खरा उपाय कुंपण हाच. आणि कुंपण कसे असावे व केव्हा घालावे, ह्याविषयी एका दूरच्या देशाचा अनुभव शिकण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियात पूर्वी ससे नव्हतेच म्हटले तरी चालेल इतके थोडे, तेही पाळलेले होते. १८५९ साली तेथील व्हिक्टोरिया प्रांतात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून सुमारे दोन डझन ससे आणवून आपल्या रानात सोडले. तेथे त्यांस आवरणारे शत्रू थोडे व चारा मुबलक. त्यामुळे पन्नास वर्षांच्या आत ते जवळजवळ अर्ध्या खंडभर पसरले. तेव्हा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने १९०१ साली जाळीचे कुंपण बांधण्यास प्रारंभ केला. त्यातील पहिले कुंपण १९०७ साली पुरे झाले व त्याची लांबी १,८३३ किलोमीटर भरली. जाळी सुमारे तीन फूट उंच होती आणि खालून उकरून शिरता येऊ नये म्हणून ती सहा इंच जमिनीत पुरलेली होती. काम उत्तम होते. परंतु ते पुरे होण्यापूर्वीच ससे त्या रेषेच्या पलीकडे पोहोचलेले होते, म्हणून त्यांच्या पाठीमागे दुसरे व तिसरे कुंपण बांधावे लागले.

ह्यावरून आपण दोन धडे घ्यावे. पहिला, कुंपण पेरणीपूर्वी घालावे. चोरास वाफ्याची चव लागल्यावर नव्हे. दुसरा, कुंपणाची खरी परीक्षा त्याच्या उंचीत नसून त्याच्या बुडाशी व फाटकाशी असते. ससा उंच उडी मारण्यापूर्वी खालून शिरण्यास वाट शोधतो, आणि उघडे राहिलेले फाटक हे तर त्यास आमंत्रणच होय.

ज्यास परवडेल त्याने कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसली बारीक भोकांची जाळी आणावी. भोक एक इंचाहून मोठे नसावे, कारण लहान पिलू त्याहून थोड्याशा मोठ्या भोकातूनही निसटते. जाळी जमिनीवर दोन हात उंच राहील अशी लावावी व खालची एक वीत जमिनीत पुरावी. जमीन खडकाळ असेल, तर तीच वीतभर जाळी बाहेरच्या बाजूस आडवी दुमडून तिच्यावर दगड ठेवावे. फाटकाखाली एक सपाट दगडाचा किंवा लाकडाचा उंबरा बसवावा.

ज्यास जाळी परवडत नाही, त्याने निराश होऊ नये. बाभळीच्या व बोरीच्या वाळलेल्या फांद्या नीट रचल्याने वई दाट होते. मात्र दर महिन्यास तिच्या बुडाशी नव्या फांद्या कोंबल्या पाहिजेत, कारण वाळवी व ऊन ह्यांनी खालचा भागच प्रथम विरळ होतो. कायमच्या कुंपणासाठी करवंद, सागरगोटा, चिल्लार किंवा घायपात पावसाच्या आरंभी दोन ओळींत लावावी. दोन-तीन वर्षांत ती दाट होते. शेराचे कुंपण पुष्कळ ठिकाणी दिसते, परंतु त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास फार इजा होते. तसेच मोगली एरंडाच्या बिया विषारी आहेत. घरी लहान मुले असतील, तर ही दोन्ही टाळलेली बरी. कोकणात जेथे जांभा दगड हाताशी आहे, तेथे गडग्यासारखी राखण दुसरी नाही. केवळ त्यातील फटी वेळोवेळी बुजवाव्या.

सर्व बागेस कुंपण घालणे अशक्य असेल, तर फक्त रोपवाटिका तरी राखावी. रोप पहिले तीन-चार आठवडे सर्वांत नाजूक असते. रात्री त्यावर कोंबड्या झाकण्याचे डालगे पालथे घालावे व वर दगड ठेवावा. नव्याने लावलेल्या फळझाडाच्या बुंध्याभोवती दोन हात उंचीपर्यंत जाळीचे कडे किंवा काट्यांचा वेढा करावा.

बुजगावणे, वाऱ्यावर हलणारे जुने लुगडे, मिरचीचे पाणी, उग्र वासाच्या वस्तू ह्यांविषयी पुष्कळ जण विचारतात. ह्यांचा उपयोग काही दिवस होतो, हे खरे. परंतु जनावर बुजते ते नवेपणास. तीच वस्तू त्याच जागी आठवडाभर उभी राहिली की त्याचे भय मोडते. मिरचीचे पाणी पहिल्या सरीबरोबर धुऊन जाते. तेव्हा हे उपाय कुंपण पुरे होईपर्यंतची तात्पुरती सोय मानावी.

३. उंदीर व घूस

उंदरास जाळीचे कुंपण फारसे अडवीत नाही. तो खालून बीळ करतो किंवा वरून चढतो. त्याच्यासाठी निराळी रीत आहे, ती म्हणजे त्याची वस्ती मोडणे. शेतातील घुशीच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो आणि पुष्कळदा ते तोंड मातीने बुजविलेले असते. तिचा गर्भकाल सुमारे तीन आठवड्यांचाच असतो व एका वेळी अनेक पिले होतात. म्हणून आज दुर्लक्षिलेले एक बीळ हंगामाच्या शेवटी दहा बिळे होऊन बसते.

कोणते बीळ चालू आहे हे पाहण्यासाठी संध्याकाळी सर्व तोंडे ओल्या मातीने लिंपावी. सकाळी जी पुन्हा उघडलेली दिसतील, तेवढीच वस्तीची होत. तेथेच सापळा लावावा. उंदीर नव्या वस्तूस भितो. म्हणून पिंजरा पहिले दोन-तीन दिवस दार बांधून उघडा ठेवावा व आत भाकरीचा तुकडा, भाजलेला दाणा किंवा सुका मासा ठेवून त्यास निर्धास्त खाऊ द्यावे. नंतर एके रात्री कळ लावावी. असे केल्याने जो सापळा एरवी रिकामा राहतो, त्यात प्राणी सापडतो.

बागेलगत लाकडांचे, विटांचे व गवताचे ढीग ठेवू नयेत. बांध रुंद व उंच असतील तर त्यांत बिळे फार होतात. ते आटोपशीर ठेवावे. धान्याची कणगी व कोंबड्यांचे दाणे झाकून ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, हे काम एका घराने करून भागत नाही. एकाने उंदीर मारले, तर शेजारच्या बांधावरून दुसरे त्या रिकाम्या बिळांत राहावयास येतात. उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसापूर्वी, शेते मोकळी असतात, बिळे स्पष्ट दिसतात व उंदरांची संख्या कमी असते. त्या वेळी सर्व वाडीने एकाच आठवड्यात हे काम केले, तर त्याचे फळ सर्वांस मिळते.

ह्या कामात आपले मित्र कोण, तेही ओळखावे. धामण बिनविषारी असून ती उंदीर खाते, आणि ती तर बिळाच्या आतही शिरू शकते. गव्हाणी घुबड रात्रभर उंदीरच टिपते. त्यास अशुभ समजून हुसकणे म्हणजे पगार न घेणाऱ्या राखणदारास काढून टाकणे होय. मुंगूसही उंदीर मारते. शेतात इंग्रजी टी ह्या अक्षराच्या आकाराचे चार-पाच हात उंच खांब रोवले, तर घुबडास बसण्यास जागा मिळते.

येथे आरोग्याची एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा ताप माणसास होतो. साचलेल्या पाण्यातून किंवा चिखलातून त्याचे जंतू पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. २००५ साली जुलै महिन्यात मुंबईत महापूर आला, त्यानंतर ह्या तापाची मोठी साथ उद्भवली होती. ह्यास्तव पावसात बागेत काम करताना पायांवरील जखमा झाकाव्या, काम आटोपल्यावर साबणाने हातपाय धुवावे, मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये व तो खोल पुरावा. भाजी धुतल्याखेरीज खाऊ नये, आणि जनावराने अर्धवट खाल्लेले फळ मुलांच्या हाती देऊ नये. चिखलात काम केल्यानंतर ताप, अंगदुखी व डोळे लाल होणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती औषधावर न थांबता दवाखान्यात जावे.

४. खार व साळिंदर

खार दिवसा येते व झाडावरून येते. तिला जमिनीवरचे कुंपण कळतही नाही. डाळिंब, पेरू, सीताफळ ह्यांची फळे भरू लागली की प्रत्येकावर जुन्या कापडाची किंवा कागदाची पिशवी बांधावी. एकटे उभे असलेले झाड असेल, तर त्याच्या बुंध्याभोवती माणसाच्या उंचीवर एक हात रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. त्यावर तिचे नखे ठरत नाहीत. नारळावर चढणाऱ्या उंदरासही हाच उपाय चालतो. मात्र शेजारच्या झाडाची फांदी किंवा घराचे छप्पर जवळ असेल, तर ती तेथून उडी घेते व पत्रा व्यर्थ जातो. म्हणून आधी फांद्या छाटाव्या.

साळिंदर रात्री येते आणि रताळी, सुरण व नारळाची कोवळी रोपे ह्यांचा फडशा पाडते. ते आपले काटे बाणासारखे फेकते अशी समजूत सर्वत्र आहे. ती खरी नाही. काटे सैल असल्यामुळे अंगास लागताच गळून रुततात, एवढेच. म्हणून त्याच्या फार जवळ जाऊ नये व कुत्रे त्याच्यावर सोडू नये. त्याच्यासाठी जाळीपेक्षा गडगा बरा, किंवा रोपाभोवती जवळजवळ रोवलेल्या जाड मेढींचे कडे करून तिचे बूड हातभर खोल पुरावे.

५. विष, फासा व वीज

उंदरांसाठी जी काळसर पूड विकली जाते, तिच्यात पुष्कळदा झिंक फॉस्फाइड असते. ते पोटातील आम्लास मिळताच विषारी वायू निर्माण होतो, आणि त्यावर खास असा उतारा नाही. तो पिठाचा गोळा उंदीर खाईल की कोंबडी, कुत्रा किंवा रांगते मूल खाईल, हे ठेवणाऱ्याच्या हाती राहत नाही. एका वाफ्याच्या मेथीसाठी एवढा धोका पत्करणे शहाणपणाचे नव्हे. चुकून कोणाच्या पोटात गेल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे व विषाची पुडी सोबत न्यावी.

रानससा व साळिंदर ह्यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्या कायद्यात फासा लावणे, सापळ्यात धरणे व विष घालणे ह्यांसही शिकारच म्हटले आहे. तेव्हा आपल्या बागेत आला म्हणून ससा मारला, असे सांगून सुटका होत नाही. कुंपण घालण्यास मात्र कोणाची मनाई नाही.

विजेच्या तारेविषयी तर एकच शब्द पुरे: कधीही नाही. घरातील वीज कुंपणात सोडल्याने आजवर अनेक गावांत माणसे मेली आहेत. त्यांत रात्री पाण्याची पाळी धरण्यास निघालेले शेतकरी होते आणि ज्यांनी तार लावली त्यांच्याच घरची माणसेही होती. ज्याने ती लावली त्यावर मनुष्यहत्येचा खटला होतो. आणि तो सुटला तरी शेजाऱ्याचे घर पुन्हा भरून येत नाही.

शेवटी एक सावधगिरी. दाट वईत व दगडांच्या फटीत साप आश्रयास येतात. रात्री राखणीस जाताना दिवा व काठी बरोबर घ्यावी आणि बिळात किंवा काट्यांत उघडा हात घालू नये.

वाचकहो, बागेचा राखणदार जागरूक असावा, परंतु क्रूर नसावा. सशाची भूक व आपल्या मुलांची भूक ह्यांमध्ये एक वीत पुरलेले कुंपण उभे राहिले, म्हणजे दोघांचाही जीव राहतो.

वाचून झाल्यावर एकत्र बसून विचारण्याचे प्रश्न

१. शेळीने तोडलेला देठ व सशाने तोडलेला देठ ह्यांत भेद कोणता, व तो कशामुळे पडतो?
२. ऑस्ट्रेलियातील कुंपण चांगले बांधलेले असूनही ससे पलीकडे का पोहोचले?
३. उंदरांचा बंदोबस्त एका घराने न करता सर्व वाडीने एकाच वेळी का करावा? आपल्या वाडीत त्यास सोयीचा आठवडा कोणता?
४. आपल्या गावात कुंपणासाठी कोणती झाडे व कोणत्या वस्तू पैसे न देता मिळण्यासारख्या आहेत?
५. आपल्या ओळखीच्या कोणी बांधावर विष ठेवले किंवा तारेत वीज सोडली असेल, तर त्यास कोणत्या शब्दांत समजावाल?